घाबरा, पण हलू नका

मुळे मॅडम ‘काही होत नाही’ असं कधीच म्हणायच्या नाहीत. हॉस्पिटलात हे वाक्य दिवसभर कानावर पडतं. सुई टोचणारी सिस्टर म्हणते, स्ट्रेचर ढकलणारे मामा म्हणतात, रडणाऱ्या नातेवाइकांना किचनच्या खिडकीतून चहा देताना मीही म्हणते. मॅडम म्हणायच्या, “घाबरा, पण हलू नका.” मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मनात आलं, बापा, ही बाई डॉक्टर कशी झाली? धीर द्यायचा सोडून घाबरा म्हणते!

मी भंडाऱ्याकडची. सातवीत शाळा सुटली. नवऱ्याच्या मागं नगरला आले, तो इथल्या एमआयडीसीत होता. तो वारला आणि मी इथंच राहिले, कारण या हॉस्पिटलच्या किचननं मला ठेवून घेतलं. मुलगी गावाला माझ्या आईजवळ शिकते. ज्यांनी ठेवून घेतलं त्यांच्याबद्दल मला इतकं वाटतं, की साहेबांनी नुसतं बोलावलं तरी हातपाय गार पडतात. आपलं काही चुकलं असेल, आता काढून टाकतील, असंच वाटतं. त्यातून माझी एक जुनी भीती होती, ती कुणाला सांगितलेली नव्हती. माझे बाबा पोटानं गेले. सकाळी खाल्लेला भात संध्याकाळी तसाच्या तसा उलटून पडायचा. पोटाचं खालचं तोंड बंद झालंय, एवढंच तिकडच्या दवाखान्यात कळलं. तेव्हापासून जेवण झालं की माझा हात आपोआप बरगडीखाली जायचा. भात खाली उतरला का? की तिथंच बसलाय?

मॅडमचं काम नेमकं त्या खालच्या तोंडाचं होतं, हे मला आधी माहीत नव्हतं. त्या एक दिवस किचनमध्ये आल्या. बुटक्या, पिकलेले केस घट्ट बांधलेले, उन्हाळ्यातही पायात मोजे. मला म्हणाल्या, “दुर्गाताई ना? मला रोज एक ताट मऊ खिचडी लागेल. पण कालची आणि आजची यात काडीचाही फरक नको. तेवढाच तांदूळ, तेवढीच डाळ, तेवढंच तूप, तेवढंच पाणी. जमेल?” मी घाबरून “हो जी” म्हटलं. भंडाऱ्याचं ‘जी’ माझ्या तोंडातून जात नाही. मागं उभे असलेले टेक्निशियन पवारभाऊ, पारनेरचे, हसले. “आलं जी! आता खिचडी बी जी करूनच यील.”

कशासाठी एवढं, हे पवारभाऊंनीच मला समजावलं. अन्न पोटात घुसळलं जातं. पोटाच्या शेवटाला स्नायूचं एक कडं असतं, गोणीचं तोंड नाडीनं आवळावं तसं. ते जरासं उघडतं, पातळ झालेलं थोडं पुढं सोडतं, परत आवळतं. पायलोरस म्हणतात त्याला. पवारभाऊ त्याला खालचं दार म्हणायचे. आजारी माणसाचं दार बिघडलंय हे ओळखायचं, तर चांगल्या माणसाचं दार कसं चालतं ते आधी मोजायला हवं. म्हणून मॅडम धडधाकट माणसं शोधून आणायच्या. नाकातून बारीक नळी घालायची, ती पोटातून खालच्या दारापर्यंत न्यायची आणि माणसाला तासन्‌तास पडून राहू द्यायचं. नळीला जागोजागी दाब कळायची सोय. दार आवळलं की पडद्यावर डोंगर उठतो. आधी उपाशीपोटी, मग खिचडीवर.

नगरकडं खिचडी म्हणजे आजाऱ्याचं खाणं, यावरून फार वाद व्हायचे. एक दांडगा गडी नाकात नळी असतानाही माझ्याकडं रागानं बघून म्हणाला, “मी काय आजारी हाय का? भाकर न्हाई का तुमच्यात?” मॅडम त्याला शांतपणे म्हणाल्या, “तुम्ही आजारी नाही म्हणूनच इथं आहात. खा.” पवारभाऊ मला हळूच म्हणाले, “आमच्या पारनेरच्या मानसाचं दार भाकरीशिवाय उघडत न्हाई, मॅडमला कोन सांगनार?”

नळी घालण्याआधी मॅडम समोर स्टूल घेऊन बसायच्या आणि विचारायच्या, “कशाची भीती वाटते? नीट सांगा.” बहुतेक गडी “कशाची न्हाई” म्हणायचे. मग त्या नळी दोन्ही तळहातांत धरून ऊब देत बसायच्या. थोड्या वेळानं माणूस आपसूक बोलायचा. कुणाला गुदमरायची भीती, कुणाला आपण सगळ्यांसमोर ओकू याची. एका पहिलवानाला नाकातून रक्त येईल याची भीती होती. मॅडम प्रत्येकाला खरं तेच सांगायच्या. “ओकारी येईल. बहुतेकांना येते. गुदमरल्यासारखं वाटेल, पण श्वास चालू असेल. नाकातून थोडं रक्त येऊ शकतं.” आणि मग तेच वाक्य. घाबरा, पण हलू नका.

पलंगाच्या दांडीला त्यांनी सायकलची घंटी बसवून घेतली होती. ती वाजली की नळी बाहेर, एक शब्द न विचारता. एकदा एका माणसाची नळी काही केल्या खालच्या दारातून पुढं जाईना. कुशीवर वळवलं, पाणी पाजलं, एक्स-रेवर बघितलं, सगळ्यांना घाम फुटला. शेवटी नळी बसली. आणि पाठ खाजवायला त्यानं हात फिरवला तो घंटीवर पडला. ट्रिंग! मॅडम लगेच उठल्या.

“चुकून वाजली, मॅडम!” तो ओरडला.

“असेल,” मॅडम म्हणाल्या आणि टेप सोडवायला लागल्या.

पवारभाऊंचा तोल गेला. “अवो तो म्हनतोय ना चुकून! सकाळपासनं मरतोय आपन!”

“चुकून वाजवली की भीतीनं, हे मला बाहेरून कळत नाही, पवार. आणि भीतीनं वाजवणारा माणूस पण लाजून चुकूनच म्हणणार.” नळी बाहेर. त्या माणसाला खिचडी, आभार आणि घरी.

त्या दिवशी दुपारी त्या किचनमध्ये येऊन बसल्या. मी चहा दिला. मी विचारलं नव्हतं तरी बोलल्या, “आजारी माणसाला नळी घालताना त्याचं दुखणं माझ्या बाजूनं असतं, दुर्गाताई. निरोगी माणसाच्या वेळी माझ्या बाजूनं कुणीच नसतं. तो चालत आलाय, तो चालतच गेला पाहिजे.” कप धरलेली बोटं पांढरी पडली होती. तेव्हा मला कळलं की ही बाई माझ्याइतकीच भित्री आहे. फक्त तिचा हात हलत नाही.

मग ते मिश्रीचं झालं. बायकांच्या डोंगरांत काहीतरी विचित्र येत होतं. सगळ्यांच्या नाही, पण पुष्कळजणींच्या. दार नको तेव्हा आवळायचं. मॅडम चक्रावून गेल्या. तंबाखूनं दाराची चाल बदलते, म्हणून प्रत्येकीला विडी, सिगारेट, तंबाखू आधीच विचारलेलं, प्रत्येकीनं नाही सांगितलेलं. मग हिवरे बाजारच्या पलीकडच्या एका गावातल्या हौसाबाई आल्या. मॅडम नळी घेऊन त्यांच्या तोंडाशी वाकल्या आणि वास येऊन तशाच थांबल्या.

“हौसाबाई, आज दात कशानं घासले?”

“मिश्रीनं. कशानं घासायचे मग?”

“मी तंबाखूचं विचारलं होतं.”

“तंबाखू बापे खात्यात, मॅडम. मी न्हाई खात. मी दात घासते!” हौसाबाई दुखावल्या. “आमच्यात समद्याच घासत्यात. तुमच्याकडं आलेल्या समद्या घासून आल्या आस्तील, कोन घान तोंडानं यील डाक्टरकडं?”

भाजलेल्या तंबाखूची पूड सकाळी उठून दातांना घासायची, तीही नळी घालायच्या दिवशी जास्तच, म्हणजे तोंड स्वच्छ. पवारभाऊंना हसू आवरेना. मॅडम मात्र स्टुलावर बसल्या. चेहरा उतरला. “माझा प्रश्न चुकला,” एवढंच म्हणाल्या.

त्या सगळ्या बायकांची मोजणी बाद झाली. दुसरं कुणी असतं तर नवीन बायका बोलावल्या असत्या आणि विषय संपवला असता. मॅडम गावोगाव जाऊन त्या बायकांना भेटल्या. एका गावाला मीही गेले, बाईमाणूस सोबत हवं म्हणून. ओसरीवर बसून मॅडम म्हणाल्या, “माझ्या चुकीमुळं तुमचा त्रास वाया गेला. माफ करा.” ती बाई म्हणाली, “वाया कशापायी? दिसभर गार हवेत झोपले, कुनी उठ म्हनलं न्हाई. लगीन झाल्यापासनं पयल्यांदाच.” येताना रिक्षात मॅडमनी तोंड फिरवलं होतं. मला वाटलं, त्या रडतायत. बघितलं तर हसत होत्या, पण डोळे पुसत होत्या. दोन्ही चाललं होतं.

आता तंबाखू कसल्याच रूपात न घेणाऱ्या बायका कमी पडायला लागल्या. पवारभाऊ म्हणाले, “आपल्या किचनमदीच हाय की एक. आमच्या जी.” मॅडम त्यांच्यावर चिडल्या. “दुर्गाताईंना कुणी विचारायचं नाही. त्या इथं नोकरीला आहेत, त्यांना नाही म्हणायला जड जाईल.” मी भांडी विसळत होते. ऐकून बरं वाटलं आणि लगेच वाईटही वाटलं. कारण मला जायचं होतं. बाबांचं बंद झालेलं दार माझ्याकडं आलंय का, हे सांगणारं यंत्र आमच्याच बिल्डिंगमध्ये होतं आणि मी त्याच्यासाठी रोज खिचडी शिजवत होते.

धीर करून मी सांगितलं. बाबांचं सगळं सांगितलं, बरगडीखाली हात जातो तेही. मॅडमनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मग तुम्ही आधी पेशंट. निरोगी नंतर.” त्यांनी दुसऱ्या डॉक्टरांकडून माझी दुर्बिणीची तपासणी करवली. जखम नाही, गाठ नाही, काही अडकलेलं नाही. मी सुटले असं वाटलं. पण त्या घरच्या बाईसारखं ‘जा आता, निवांत जेव’ म्हणाल्या नाहीत. “दार दिसायला चांगलं आहे. चालतं कसं, ते दुर्बिणीला दिसत नाही.”

“मग तुमच्या नळीनं बघा जी.”

“दिवाळी जाऊ द्या. तेव्हाही मनात असेल तर पुन्हा विचारा. आणि एक ऐका, माझी नळी तुम्हाला उत्तर द्यायला बांधलेली नाही. मी अजून शिकतेय, चांगलं कशाला म्हणायचं ते.”

दिवाळीनंतर मी पुन्हा विचारलं.

त्या सकाळी मी भीत भीत पलंगावर बसले. खिचडी बदलीवरच्या बाईनं केली होती, आणि तिनं पाणी जास्त घातलं असणार याचीही मला भीती. मॅडम स्टूल घेऊन बसल्या. “कशाची भीती वाटते?”

“बंद निघेल याची.”

“निघालं तर मी ते तुमच्यापासून लपवणार नाही. त्याची भीती वाटते का?”

“हो जी. त्याचीच.”

त्यांनी मान हलवली. नळी आत गेली. घशाशी आली तेव्हा खरंच वाटलं, संपलं. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. “गिळा. अजून गिळा. घाबरा, पण हलू नका.” माझा हात घंटीवर होता. मी ती वाजवली नाही, आणि त्यात माझं शौर्य काही नाही. बाबांचा चेहरा समोर होता एवढंच.

मग नुसतं पडून राहणं. पडदा माझ्याकडं पाठ करून ठेवला होता, पण पवारभाऊंचा चष्मा माझ्याकडं तोंड करून होता. त्या काचांत मला डोंगर दिसत होते. एक उठला, तो खाली येईनाच. पवारभाऊंनी मॅडमकडं बघितलं. मॅडमनी पडद्याकडं बघितलं. खिचडी झाली, तरी तेच. दोघं एकमेकांशी बोलेनात. हॉस्पिटलात काम करणाऱ्याला ती शांतता ओळखू येते.

नळी निघाल्यावर मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, “तुमचं दार जास्त वेळ आवळून राहतंय. याचा अर्थ काय, मला माहीत नाही.”

“मॅडम!” पवारभाऊ कळवळले. “निदान ठीक हाय म्हना की त्यांना!”

“ठीक आहे हे मला माहीत असतं तर म्हटलं असतं.”

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला. भात बंद केला. पेज प्यायचे, तीही घोट घोट. रात्री आईला फोन केला तर आवाजावरून तिनं ओळखलं. “तुले काही झालं का वं?” मी म्हटलं, काही नाही झालं. ते वाक्य आता माझ्याच तोंडात खोटं वाटत होतं. मुलीची अकरावी होती. मी पडले तर तिला कोण? वजन उतरायला लागलं, आणि ते उतरलं म्हणून आणखी भीती. मॅडमचा रागही आला. खोटं बोलल्या असत्या तर त्यांचं काय गेलं असतं?

त्या रोज दुपारी किचनमध्ये यायच्या. मी काय खाल्लं ते बघायच्या, बोलायच्या नाहीत. एक दिवस म्हणाल्या, “पेज नको. भात खा, माझ्यासमोर.” मी चार घास खाल्ले. उलटी झाली नाही. पोट दुखलं नाही. तरी माझा हात बरगडीखाली. मॅडम त्या हाताकडं बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “तुम्ही भातावर पहारा करताय.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, पुन्हा एकदा मोजायची तयारी आहे का. “नाही म्हणालात तर विषय संपला. पण मला एक शंका आहे, आणि ती खरी की खोटी हे तुमच्याशिवाय कळणार नाही.” शंका काय ते सांगितलं नाही. सांगितलं तर मोजणी बिघडेल म्हणाल्या. मी हो म्हटलं. खरं तर त्या दिवशी कुणी विहिरीत उडी मार म्हटलं असतं तरी चाललं असतं, इतकी मी कंटाळले होते भीतीला.

या वेळी नळी गेल्यावर त्यांनी पवारभाऊंना पडद्यासकट भिंतीमागं पाठवलं. स्वतः माझ्या उशाशी बसल्या आणि धानाबद्दल विचारायला लागल्या. त्यांच्या नगरी डोक्यात भात म्हणजे पोत्यातून येणारी वस्तू. “रोवणी म्हणजे काय? रोपं आधी दुसरीकडं का वाढवायची? चिखलात साप नसतात?” त्यांना काहीच ठाऊक नव्हतं, आणि ऐकायची हौस मोठी. नाकात नळी, त्यामुळं माझा आवाज बदकासारखा. तरी मी बोलत सुटले. बायका ओळीनं वाकून चिखलात रोपं रोवतात ते, मागं सरकताना पायानं चिखल कसा चाचपायचा ते, बांधावर बसून खाल्लेली आंबील. “आणि साप?” “असतात जी. पण तो त्याच्या कामाला आणि आपण आपल्या.” मॅडम एवढ्या मोठ्यानं हसल्या की भिंतीमागून पवारभाऊंचा आवाज आला, “हळू हसा, पडदा हालतोय!” बोलता बोलता कधी डोळा लागला कळलं नाही. नाकात नळी असताना मी झोपले.

उठवलं, खिचडी दिली, पुन्हा मोजलं. नळी निघाली. मॅडम भिंतीमागं गेल्या त्या बराच वेळ आल्या नाहीत. मी पलंगाच्या कडेला बसून होते. देवाचं नाव घेत नव्हते, घ्यायचीही भीती वाटत होती.

त्या आल्या आणि उभ्या राहूनच बोलल्या. “तुमचं दार व्यवस्थित उघडतं. व्यवस्थित मिटतं. गेल्या वेळी ते भीतीनं आवळलं होतं. असं होऊ शकतं हे वाचलं होतं, पण निरोगी माणसात एवढं होतं हे मी स्वतः बघितलं नव्हतं. दुर्गाताई, तुम्ही निरोगी आहात.”

मला रडू फुटलं. पवारभाऊ नाक शिंकरत म्हणाले, “मग मॅडम, पयली मोजनी मिश्रीवाल्यांसारखी बाद धरू ना?”

“का म्हणून?” मॅडम त्यांच्याकडं वळल्या. “मिश्री बाहेरून आली होती. भीती यांचीच आहे. भिणारा माणूस निरोगी नसतो का? मग मी पण बाद. दोन्ही ठेवायच्या.”

दुसऱ्याच दिवशी मी गावाला गेले आणि मुलीला भेटून परत आले तेव्हा मॅडमचं इथलं काम संपलं होतं. त्या दुसऱ्या शहरात गेल्या होत्या आणि खोलीत दुसरंच कुठलं यंत्र आलं होतं. म्हणून मी त्यांना शेवटचं बघितलं ते दुसऱ्या मोजणीच्या त्याच संध्याकाळी.

घशात नळीची खरखर होती, पण भूक अशी लागली होती की किती दिवसांची म्हणून सांगू. मी किचनमध्ये उभ्या उभ्याच ताट भरून वरणभात घेतला. खिडकीतून हायवे दिसतो. साखर कारखाने सुरू झालेले, उसाच्या ट्रॉल्या एकामागून एक चाललेल्या. दुभाजकाच्या फटीशी मॅडम स्कूटरवर थांबल्या होत्या. स्कूटर त्यांना धड येत नसे. दोन्ही पाय जमिनीला टेकवलेले, मान एकदा इकडं, एकदा तिकडं. जागा व्हायची, तरी त्या निघेनात. मागचे हॉर्न वाजवत होते, एक मोटारसायकलवाला काहीतरी बोलून बाजूनं निघून गेला. मॅडम हलल्या नाहीत. एक ट्रॉली आडवी आली, मागून दुसरी, आणि मला काहीच दिसेना. घास हातात तसाच राहिला.

ट्रॉल्या गेल्या. स्कूटर पलीकडच्या कडेला लागली होती आणि धुळीतून हळूहळू शहराच्या दिशेनं चालली होती.

मी घास खाल्ला. मग ताटातलं सगळं संपवलं.